आधी वाच, मग जाळ

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. माझ्या कथेत एक खून होतो, एका संताची समाधी उघडतात आणि ती रिकामी निघते. सारं कल्पित आहे असं पहिल्याच पानावर छापलंय. पण ते पान कोण वाचतं? कुणी म्हणालं, बंदी घाला. कुणी म्हणालं, डोळे उघडणारं पुस्तक! त्यांतल्या बहुतेकांनी मला उघडलंच नव्हतं.

वाशीच्या पुस्तक प्रदर्शनातून नंदिनीने मला खांदेश्वरच्या घरी आणलं. वाचताना ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची. फार सुखाचे दिवस होते ते. पण तिचे सासरे अप्पा पोथी वाचल्याशिवाय चहाही न घेणारे.

"हे घरात कशाला?" त्यांनी विचारलं.

"गोष्ट आहे अप्पा, नुसती."

"गोष्टीच्या नावाखाली काय काय खपवतात, ठाऊक आहे मला."

तेव्हापासून ते माझ्याकडे तिरप्या नजरेने बघत, आणि मी त्यांच्याकडे. एके दुपारी नंदिनी ऑफिसात असताना त्यांनी मला कपाटातून काढलं आणि पोथीच्या लाल फडक्यात गुंडाळलं. संपलंच आता, असं मला वाटलं. पण त्यांनी चष्मा लावला, हातात पेन्सिल घेतली. रोज थोडं वाचायचे आणि समासात लिहायचे: 'खोटं!' 'पुरावा कुठाय?' माझ्यावर खटला भरायची ही तयारी, अशी माझी खात्री पटली.

नंदिनीलाही संशय आला. "अप्पा, माझं पुस्तक तुम्ही टाकून दिलंत ना?"

अप्पांनी नुसती पोथी उघडून तोंडासमोर धरली. चोरून वाचतोय, हे सुनेला कोणत्या तोंडाने सांगणार? तिने त्यांच्याशी बोलणं सोडलं.

अशातच होळी आली. सोसायटीचा सेक्रेटरी उदयसिंह याने ग्रुपवर मेसेज टाकला: धर्माची बदनामी करणारी पुस्तकं होळीत टाका. संध्याकाळी अप्पा मला घेऊन खाली उतरले. बाल्कनीतून ते पाहून नंदिनी धावतच मागे आली.

"या अप्पा, पहिला मान तुमचा," उदयसिंह म्हणाला. आगीच्या धगीने माझं मुखपृष्ठ वळू लागलं.

"आधी सांग, खून कुणी केला?" अप्पांनी विचारलं.

"कसला खून?"

"म्हणजे वाचलं नाहीस."

"असलं वाचायला टाइम कुणाला आहे अप्पा?"

"मला होता. निम्म्या पानांवर भांडलोय मी. लेखक थापा मारतो. पण समाधी रिकामी निघते आणि म्हातारा पुजारी तरीही दिवा लावतो ना, तिथे मला रडू आलं." त्यांनी मला त्याच्या हातात कोंबलं. "आधी वाच, मग जाळ."

नंदिनी खाली मान घालून म्हणाली, "अप्पा, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला."

"मीही घेतलाच की. वाटलं, हिचा देवावरचा विश्वास उडाला. फिटंफाट!"

मित्रांनो, माझ्यावर संशय जरूर घ्या. छापलेलं सगळंच खरं नसतं. पानापानाला अडवा, समासात भांडा. पण माझं ऐकून घेण्याआधी मला आगीकडे नेऊ नका.

सध्या मी उदयसिंहच्या घरी आहे. त्याचा मला अजून भरवसा नाही. कुणी आलं की तो मला पेपरखाली सरकवतो. आज मात्र त्याने कमिटीची मीटिंग पुढे ढकलली. खुनी अजून सापडलेला नाही ना!