टकल्या झाडाचे तीन आठवडे

नवरा तिला ‘हवामान खातं’ म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. इमारत उभी राहण्याआधीच ती आतून किती तापेल हे संगणकावर मांडून दाखवायचं, हेच तिचं काम. ऑफिसात ती भल्या भल्या इमारतींना घाम फोडायची. घरी सव्वा वर्षाच्या लेकीच्या कपाळावर घामाचा थेंब दिसला की हिचाच जीव टांगणीला.

सोमवारी तिची रजा संपत होती. लेक पाळणाघरात जाणार. तिथली झोपायची खोली पश्चिमेला, आणि तिच्या खिडकीबाहेरचं एकुलतं एक झाड पाळणाघरवाल्या ताई तोडायला निघाल्या होत्या. का, तर पानं पडून छपराची पन्हळ तुंबते. शनिवारी चार वाजता पालकांना बोलावून काय तो सोक्षमोक्ष लावायचा होता.

हिनं दोन दिवस खपून ती खोली संगणकात उभी केली. टेप घेऊन भिंती मोजल्या, खिडकी मोजली. खोडाचा घेर मोजायला गेली तर पोरांना वाटलं, मावशी झाडाला मिठी मारतेय. त्यांनी मागे रांगच लावली.

उत्तर मात्र झकास आलं. ऐन उन्हाळ्यात, दुपारी तीन वाजता, झाड असेल तर एकोणतीस अंश, नसेल तर तेहतीस.

शनिवारी जेवणं आटोपल्यावर तिनं ते कौतुकानं सासूबाईंना दाखवलं.

“हा हिरवा ठोकळा म्हणजे झाड, आई.”

“हे झाड? मला वाटलं फ्रिज.”

“प्रोग्रॅमला फांद्या कळत नाहीत हो. ठोकळा काढायचा आणि त्यातून कुठल्या महिन्यात किती ऊन गळतं ते सांगायचं. थंडीत पानं झडतात, उन्हाळ्यात सावली दाट.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तक्ता तयारच असतो त्यात.”

“मग तो तक्ता करणारा कधी त्या झाडाखाली बसलेला नाही. मी रोज संध्याकाळी तिथल्या बाकावर असते. ऊन तापायला लागलं रे लागलं की ते पार टकलं होतं. चांगले तीन आठवडे. मग पालवी.”

तिनं तक्ता उघडून नीट वाचला. तक्ता कुठल्यातरी थंड मुलखातल्या झाडांचा होता आणि तिनं तो डोळे झाकून घेतला होता.

“हवामान खात्याचा अंदाज चुकला!” नवरा सोफ्यावरून म्हणाला. “परंपरा राखलीस हो.”

तिनं सगळं पुन्हा चालवलं. त्या तीन आठवड्यांत बत्तीस अंश. म्हणजे झाड असून नसल्यासारखं.

“तेवढे आठवडे गाळ ना,” नवरा म्हणाला. “विचारतंय कोण?”

मोह तिलाही झाला. पण मग ताई एकोणतीसच्या भरवशावर पोरांना तिथेच झोपवणार, आणि त्यांत हिचीही असणार.

चार वाजता तिनं सगळं सांगून टाकलं, चुकीच्या तक्त्यासकट.

“म्हणजे ऐन गरजेला सुट्टीवर जाणारं झाड!” ताई म्हणाल्या. “माझ्या नवऱ्याचा भाऊच की.”

खोलीभर हशा पिकला. हिचे कान तापले, किती अंश ते तिनं मोजलं नाही.

“तीन आठवडे सुट्टी, ताई. बाकीचा उन्हाळा राबतंय बिचारं. तेवढे दिवस मुलांना पूर्वेच्या खोलीत झोपवा.”

“तिथे माझं ऑफिस आहे.”

“तीनच आठवडे.”

“आणि पन्हळ कोण साफ करणार? तुझा संगणक?”

“माझा नवरा,” ती पटकन बोलून गेली. नवऱ्याला याची गंधवार्ताही नव्हती.

ताईंनी खिडकीतून झाडाकडे एकदा पाहिलं. “राहू दे मग झाड. पण एक अट. टक्कल कधी पडतंय ते तुझ्या सासूबाईंनी कळवायचं. तुझ्यावर माझा विश्वास नाही.”

सोमवारी ती ऑफिसात जेमतेम खुर्चीवर टेकते तोच फोन वाजला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

“मी बोलतेय, बाकावरून,” सासूबाई म्हणाल्या. “पानं आहेत सगळी जागच्या जागी. आणि आत डोकावले, तर पोरगी गाढ झोपलीय. आता तू तुझं काम कर बाई.”