अबू फौझी कॉफी प्यायले होते

राफाएल तन्नूस निवृत्त होतोय ही बातमी आली आणि झाहले गावाला नेमकं काय वाटून घ्यावं तेच कळेना. बैरूतच्या सनोबर क्लबचा तो हुकमी एक्का. लेबनॉनच्या बास्केटबॉलमध्ये असा माणूस झाला नाही, हे त्याचे वैरीही कबूल करत, आणि वैऱ्यांत झाहलेचा नंबर पहिला होता. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूस अर्धी दाढी होईस्तोवर त्याला शिव्या घाले आणि उरलेल्या अर्ध्या दाढीत त्याच्या डाव्या हाताच्या फेकीचं कौतुक करी. गावातली पोरं ती फेक शिकतच मोठी झाली होती. फक्त घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, एवढंच.

त्यात नशिबाची चेष्टा बघा. उपांत्य फेरीचा निर्णायक सामना आला तो झाहलेच्याच हॉलमध्ये, गावाच्या कुरूम क्लबविरुद्ध. कुरूम जिंकला तर क्लब पहिल्यांदाच अंतिम फेरीत जाणार आणि राफाएल तन्नूस कायमचा घरी बसणार.

"आपल्याच अंगणात पुरू त्याला," शफीक खाटीक गिऱ्हाइकांना सांगत होता. "वर फुलंही वाहू. माणूस मोठा होता हो, हरामखोर असला तरी."

वदादला मात्र फुलंबिलं काही वाहायची नव्हती. वदादची मनाकीशची भट्टी होती. सकाळी ती झाअतरचा मसाला लावलेल्या रोट्या भाजायची आणि सामन्याच्या दिवशी गळ्यात ढोल अडकवून अख्खा हॉल नाचवायची. तिने धरलेला ठेका तीन हजार माणसं धरत. राफाएल मैदानात आला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि आपण प्रेतयात्रेचा ठेका वाजवायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं. गावाला त्याने नाकारलं हे एकवेळ ती विसरली असती. तिच्या बापाचं नाव त्याने मातीत घातलं होतं, ते कसं विसरणार?

राफाएल जन्मला नि वाढला ब्राझीलमध्ये, पण त्याचे आजोबा झाहलेचे. तो पहिल्यांदा खेळायला या देशात आला, तेव्हा गावातली वडीलधारी मंडळी त्याच्याकडे रीतसर मागणं घेऊन गेली, मुलगी मागायला जावं तशी. पुढे वदादचे वडील अबू फौझी, मागे शफीक आणि इतर. आता रीत काय, ती तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मागणं घेऊन आलेला माणूस समोरची कॉफी पीत नाही. कप खाली ठेवतो, मनातलं सांगतो, आणि यजमान "कॉफी घ्या" म्हणाला की मागणं मंजूर. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरवायचा नाही.

अबू फौझींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाळा, आजोबांच्या गावाकडून खेळ." राफाएल गोड हसला. "कॉफी घ्या ना, गार होतेय," म्हणाला. अबू फौझी कॉफी प्यायले, ते प्यायले म्हणून बाकीचे प्यायले, आणि गाड्यांचे भोंगे वाजवत सगळे गावी परतले. मेंढ्या कापल्या, अरक दारूच्या बाटल्या फुटल्या. आणि आठवड्याभरात राफाएलने सनोबरशी करार केला. वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं तर म्हणाला, "मी कुणालाही शब्द दिलेला नाही."

मग गावाचं तोंड सुटलं. बरोबर गेलेले नामानिराळे झाले. आम्ही मागे बसलो होतो, आम्हाला काही ऐकू आलं नाही, म्हणाले. म्हाताऱ्याला कॉफीची तलफ आवरली नाही, कुणी म्हणायच्या आधीच कप तोंडाला लावला, अशी कथा पसरली. 'अबू फिंजान', म्हणजे कपाचा बाप, हे नाव शफीकनेच पाडलं. अबू फौझींनी हॉलवर जायचं सोडलं, मग बाजारात जायचं सोडलं, आणि शेवटी एका हिवाळ्यात जगच सोडलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी वदाद भट्टीत रोट्या सरकवत होती आणि दारात अंधार झाला. राफाएल तन्नूस चौकटीखाली मान वाकवून उभा होता.

"सित्त वदाद?" त्याने अदबीने विचारलं, बाईसाहेब म्हणावं तसं.

वदादने लांब दांड्याचं फावडं खाली ठेवलं नाही. पण दारात आलेल्या वैऱ्यालाही कॉफी द्यावी लागते, हा त्या देशाचा एक जाचच आहे. तिने कॉफी केली, ती मुद्दाम कडूजहर केली, आणि कप त्याच्यापुढे आदळला. त्याने तो उचलला, न पिता पिठाच्या फळीवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसला.

"वा!" वदाद म्हणाली. "शिकलास म्हणायचं. कुणी शिकवलं?"

"सासऱ्यांनी. मुलगी मागायला गेलो होतो. मामांनी कप खाली ठेवला, सासरे म्हणाले कॉफी घ्या, आणि आतून बायकांचा जल्लोष सुरू. मी मामांना विचारलं, झालं काय? ते म्हणाले, गाढवा, तुझं लग्न ठरलं. तिथेच मला सगळं कळलं. तुमचे वडील आठवले."

"मग तेव्हाच का नाही आलास?"

"आलो होतो. वेशीपर्यंत. पेट्रोलवाल्याने सांगितलं, ते गेले. तिथूनच गाडी वळवली. पुढे यायचा धीर झाला नाही."

"उंची केवढी, आणि धीर केवढासा!" वदादचा आवाज चढला. "माझा बाप खिडकीला पडदा लावून मेला, माहितेय तुला? बोल, मागणं काय आहे?"

"सामना संपला की हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगायचंय, की 'कॉफी घ्या' असं मीच म्हणालो होतो. तुमची परवानगी असेल तर."

"सामना संपल्यावर?" वदाद हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "म्हणजे हरलास तर निरोपाचे अश्रू आणि जिंकलास तर मनाचा मोठेपणा! शहाणाच आहेस. आधी सांग. तीन हजार माणसं तुझ्या नावाने शिट्ट्या मारत असतील ना, तेव्हा सांग. आणि मग जीव तोडून खेळ. मला दया दाखवायला म्हणून एक चेंडू जरी सोडलास, तर हेच फावडं घेऊन मैदानात उतरेन."

"आमचा प्रशिक्षक मला कच्चा खाईल."

"खाऊ दे. माझ्या बापाला गावाने खाल्लं."

राफाएलने फळीवरच्या कपाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "सांगतो. आधीच सांगतो."

"मग घे कॉफी."

त्याने ती गार, कडू कॉफी एका घोटात संपवली आणि तोंड वाकडं न करता निघून गेला.

वदादने हे कुणालाही सांगितलं नाही. दुधाने तोंड पोळलेलं घर ते, ताकही फुंकूनच पिणार. याने पुन्हा शब्द फिरवला, तर फसलेल्या बापाची फसलेली लेक म्हणून गावाला आणखी वीस वर्षांची करमणूक झाली असती.

संध्याकाळी हॉल खचाखच भरला. सनोबरचे खेळाडू बाहेर येऊ लागले, निवेदकाने राफाएलचं नाव घेतलं आणि ठरल्याप्रमाणे तीन हजार पाठी फिरल्या. शिट्ट्यांनी कान किटले. सगळे ढोलाची वाट बघत होते. वदादने टिपऱ्या वर उचलल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

"वाजव की पोरी!" शफीक शेजारून ओरडला. "मुहूर्त बघतेस का?"

"थांबा जरा, काका."

"काय थांबा? पळून जाईल तो!"

राफाएल पळाला नाही. प्रशिक्षक बाही ओढत असताना तो निवेदकाच्या टेबलापाशी गेला आणि त्याने माइक घेतला. शिट्ट्या दुप्पट झाल्या. तो थांबला. शिट्ट्या मारणाऱ्यांचा दम सरेपर्यंत थांबला.

"अबू फौझी माझ्याकडे मागणं घेऊन आले होते," तो म्हणाला. त्याचे ब्राझिली हेल अजून गेले नव्हते. "त्यांनी कप खाली ठेवला होता. 'कॉफी घ्या' असं मी म्हणालो. माझ्या तोंडाने. मला अर्थ माहीत नव्हता. ते माझ्या शब्दावर प्यायले. ते खोटं बोलले नाहीत आणि त्यांनी घाईही केली नाही. अडाणी मी होतो. कळल्यावरही गप्प बसलो, तो भित्राही मीच."

 एक पाठ वळली, मग दुसरी, मग ओळीच्या ओळी. शफीक जमिनीकडे बघत होता.

"मी ऐकलं होतं," तो पुटपुटला. "तेव्हाच ऐकलं होतं मी. पण सगळं गाव हसत होतं गं, मीही हसलो."

वदादने त्याच्याकडे पाहिलं नाही. आत्ता पाहिलं असतं तर टिपऱ्या ढोलावर पडायच्या ऐवजी दुसरीकडेच पडल्या असत्या.

टाळ्या वाजवाव्यात की शिव्या द्याव्यात, हे तीन हजार माणसांना ठरवता येईना. तेवढ्यात वरच्या रांगेतून एकजण गरजला, "एवढं वाईट वाटतंय तर आज हरशील का?"

"मुळीच नाही!" राफाएल माइकमध्ये म्हणाला.

हॉल फुटला. लोक हसले, ओरडले, बाकांवर नाचले, आणि वदादने ढोलावर वरातीचा ठेका धरला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

राफाएलने शब्द पाळला. तो असा खेळला, की मध्यंतरापर्यंत गावाने त्याला पुन्हा मनापासून शिव्या घातल्या, आणि या वेळी त्या शिव्यांत जुना राग नव्हता. कुरूम मागे पडला, सावरला, पुन्हा मागे पडला. अखेरच्या क्षणी कुरूम एका गुणाने पुढे होता आणि चेंडू राफाएलच्या हातात होता. तो डावीकडे वळला, उडाला. पण समोर शिब्ली होता, द्राक्षमळेवाल्याचा लुकडा पोरगा. ती फेक बघत बघत तो लहानाचा मोठा झाला होता, आणि मनगट कधी वळणार हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तो आधीच हवेत होता. चेंडू त्याच्या पंजावर आपटून थेट प्रेक्षकांत गेला आणि भोंगा वाजला.

कुरूम अंतिम फेरीत! माणसं मैदानात सांडली. शिब्लीला खांद्यावर घेतलं, आणि काही जणांनी राफाएललाही उचलायचा प्रयत्न केला, पण तो भलताच जड निघाला. मग त्यांनी त्याच्याभोवती फेर धरला. आणि वरच्या रांगेतून एक नाव खाली आलं, ओळीओळीतून मोठं होत आलं, शेवटी छप्पर हादरवू लागलं. ते राफाएलचं नव्हतं, शिब्लीचंही नव्हतं. "अबू फौझी! अबू फौझी!" वदाद त्या नावावर ढोल बडवत राहिली. ते नाव इतक्या मोठ्याने तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

गर्दी जरा ओसरल्यावर शफीक समोर आला. टोपी हातात होती.

"उद्या कबरीवर जाशील ना? मीही येतो. निकाल मी सांगतो त्याला."

"निकाल मी सांगणार," वदाद म्हणाली. "तुम्ही माझ्या मागे उभं राहायचं. आणि माझं झालं की तुम्ही काय ऐकलं होतं ते सांगायचं. मोठ्याने."

शफीकने मान डोलावली.

घामाने निथळणारा राफाएल त्यांच्या मागे येऊन उभा होता. "मी आलो तर चालेल?"

वदादने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पाहायला वेळ लागला.

"यावंच लागेल तुला," ती म्हणाली. "ती शेवटची फेक कशी अडली, ते बाबा तुझ्याच तोंडून ऐकतील."