हरल्याचे पेढे

सुखदेव दिल्लीत केंद्र सरकारच्या सर्वेक्षण खात्यात अधिकारी होते. चार-पाच घरं फिरून कोणी अख्ख्या जिल्ह्याचा अहवाल आणला, की ते त्याची बिनपाण्याने करायचे. "एवढ्याशा घरांवरून जिल्हा ठरवता?" अशा माणसाने क्रिकेटच्या सट्ट्यात घर बुडवावं, याला काय म्हणायचं!

त्या रविवारी त्यांचा मुलगा सुगत क्लासजवळची, मुनिरकातली भाड्याची खोली सोडून बॅगांसकट दारात उभा राहिला. स्पर्धा परीक्षा तोंडावर आली होती. पण क्लासची फी आणि खोलीचं भाडं बापाने बेटिंगच्या ॲपमध्ये घालवलं होतं.

"येतील रे पैसे," सुखदेव पुटपुटले. "आमच्या ऑफिसातला नरसिंह जिंकलाच ना? पेढे वाटले त्याने. कॅश सेक्शनवालाही जिंकला. सगळे काय खोटं बोलतात, यार?"

"खोटं कशाला बोलतील?" त्यांची बायको चंदा म्हणाली. "पण नरसिंह हरला, त्या दिवशी काय वाटलं त्याने?"

"हरल्यावर कोण पेढे वाटतं?"

"मग तो कितीदा हरला, हे तुम्हाला कळणार कसं? वर्षभरात एकूण कमावलं की गमावलं, विचारलंत कधी? आणि जे नुसतेच हरले, ते तुमच्यासारखे मूग गिळून बसले असतील. त्यांना कोण मोजणार? चार पेढे खाल्लेत आणि जिल्हा ठरवलात तुम्ही!"

सुखदेवांच्या तोंडचं पाणी पळालं. अरे देवा! थंडीत त्यांनी स्वतःही करोल बागच्या बाजारातून पेढे नेले होते की! पहिल्याच आठवड्यात जिंकले म्हणून सेक्शनभर वाटले. पुढे हरतच गेले, ते सांगायला मात्र जीभ रेटली नाही. आणि तो पेढा खाऊन डेटा एन्ट्री करणाऱ्या गिरिजाने हळूच विचारलं होतं, "सर, कोणतं ॲप हो?" सेक्शनमध्ये मराठी बोलणारे ते दोघेच. त्यांनी कौतुकाने तिच्या फोनवर ॲप टाकून दिलं होतं.

सुगतने पुस्तकांची बॅग पलंगाखाली सरकवली आणि नोएडातल्या कॉल सेंटरला नोकरीसाठी फोन लावला. सुखदेवांना बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसात गेले. सगळे भोवती जमले.

"अरे वाह सर, फिर जीत गए?" नरसिंहने पेढा उचलत विचारलं.

"हारा हूँ," सुखदेव म्हणाले. "एक बार जीता था, तब सबको खिलाया. उसके बाद हारता ही गया. बेटे की पढ़ाई छूट गई."

नरसिंहने पेढा पुन्हा पुड्यात ठेवला. "मैं भी, सर," तो खाली बघत म्हणाला. "कुल मिलाकर घाटे में ही हूँ."

गिरिजा आपल्या टेबलाशीच उभी होती. सुखदेवांनी पुडा तिच्यापुढे धरला, पण तिने हात पुढे केला नाही.

"आईच्या ऑपरेशनचे पैसे होते, सर. सगळे गेले," ती म्हणाली. "जिंकल्याचं तुम्ही त्याच दिवशी सांगितलं होतंत. हरल्याचं आज सांगताय."

ॲप सुखदेवांनी कायमचं काढून टाकलं. पण सुगतचं वर्ष आणि गिरिजाच्या आईच्या ऑपरेशनचे पैसे त्यामुळे परत येणार नव्हते. पुडा तसाच घरी आला.

मंडळी, कोणी जिंकल्याचं सांगितलं तर खुशाल पेढा खा. पण त्याच्यामागे पैसे लावण्याआधी वर्षानुवर्षांची गोळाबेरीज विचारा, आणि जे गप्प आहेत त्यांनाही मोजा. आणि हरला असाल तर आजच बोला! तुमच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवून कोणीतरी या क्षणी पैसे लावत असेल.