कंपनीचा घोडा

साल १९६८. गावातल्या बेकऱ्यांच्या घोडागाड्या एकेक करून बंद पडत होत्या आणि त्यांच्या जागी पत्र्याच्या व्हॅन येत होत्या. त्याच वर्षी कॉमर्स कॉलेजच्या शेवटच्या वर्गातली एक मुलगी एका विमा कंपनीच्या शाखेत उमेदवारीला लागली. सुट्टीत कुठल्या तरी कचेरीत उमेदवारी करायची आणि साहेबाच्या सहीचा दाखला आणायचा, तरच परीक्षेला बसू देणार, असा कॉलेजचा नियम होता. परीक्षा चुकली की शिष्यवृत्ती जाणार, आणि शिष्यवृत्ती गेली की शिक्षणच संपणार. यावर घरी चर्चा नव्हती.

मुलगी हुशार होती आणि हे तिलाही ठाऊक होतं. वर्गात सरांनी जहाजं बुडवून दाखवली होती, गिरण्यांना आगी लावल्या होत्या, माणसाच्या आयुष्याचं गणित फळ्यावर मांडलं होतं. विमा कंपनीत आपल्याला असलंच काही तरी हाताळायला मिळणार, अशी तिची समजूत. पहिल्या दिवशी तिला हाताळायला मिळाली डिंकाची बाटली. त्यानंतरही डिंकाची बाटलीच.

कचेरीत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे ‘उमेदवार’ म्हणत. दावे विभागाचे थोरले कारकून तर तिला ‘अहो उमेदवार’ म्हणत, कारण कचेरीत कुणालाही अरे-तुरे करायचं नाही असं परिपत्रक होतं. त्यांना सगळे नियमकाका म्हणत. ते खुर्चीतून उठतानासुद्धा तशी तरतूद आहे का ते आठवून उठत असावेत, असं तिला वाटे.

एका दुपारी फाटकाशी एक हवालदार घोडा घेऊन आला.

घोडा तांबूस होता, पोटाशी सुटलेला, आणि जगात कुठंच जायची घाई नसल्यासारखा उभा होता.

“तुमचा घोडा सापडला,” हवालदार म्हणाला. “सही करा नि घ्या.”

“आमचा?”

गोष्ट अशी होती. गावातल्या एका पाववाल्याचा हा घोडा. त्याचा विमा होता. तो चोरीला गेला, कंपनीनं पाववाल्याला भरपाई दिली, आणि पोलिसांनी तो एका वीटभट्टीवर शोधून काढला. भरपाई दिल्यावर चोरीचा माल सापडला, तर तो कंपनीचा. हेही सरांनी वर्गात शिकवलं होतं. फक्त त्या मालाला चार पाय असू शकतात, हे सांगायचं राहिलं होतं.

साहेब बैठकीत होते. नियमकाकांनी चष्म्यावरून एकदा घोड्याकडं, एकदा पावतीकडं आणि एकदा तिच्याकडं पाहिलं.

“अहो उमेदवार, तुम्ही सही करा. तुम्हाला अनुभव पाहिजे ना?”

तिनं सही केली. कंपनीच्या कामात पहिल्यांदाच तिची सही लागत होती, त्यामुळं तिनं ती चांगली लफ्फेदार केली. सहीच्या वर काय छापलंय, ते मात्र वाचलं नाही. वर छापलं होतं, ‘ताबा घेणार’.

“झालं,” नियमकाका पावती टाचत म्हणाले. “आता हा तुमच्या ताब्यात. ताब्यातली वस्तू रीतसर सोपवल्याशिवाय दाखला मिळत नाही.”

“पण काका, मी इथं दोन महिन्यांची पाहुणी आहे!”

“घोड्याला ते माहीत नाही.”

मागच्या सायकलींच्या छपराखाली घोडा बांधला. साहेब बैठकीतून आले, खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, “हे काय गं?” तिनं सांगितलं. साहेब म्हणाले, “बरं, लवकर विल्हेवाट लाव,” आणि पुन्हा बैठकीला गेले. साहेबांच्या बैठका कुणाशी असतात, हे त्या शाखेत कुणालाच कळलं नव्हतं.

मग चाऱ्याचा प्रश्न आला. चारा कुठल्या खात्यावर टाकायचा? नियमकाका म्हणाले, स्टेशनरीत बसत नाही. फर्निचर-देखभाल? घोडा फर्निचर नाही. मग वाहन? “वाहन म्हणजे चाकं हवीत,” ते म्हणाले. शेवटी चारा ‘किरकोळ’मध्ये घालायचं ठरलं, पण किरकोळची मर्यादा घोड्यानं तिसऱ्याच दिवशी खाऊन टाकली.

मुलगी आत्याकडं राहत होती. संध्याकाळी ती दारात आली की आत्या पदर नाकाला लावी.

“शिकायला धाडली विमा, नि शिकून येते लीद काढायला! तुझ्या बापाला काय सांगू मी?”

“आत्या, तो घोडा माझा नाही.”

“मग वास तरी त्याचा त्यालाच ठेवायला सांग. चपला बाहेर काढ आधी.”

घोड्याला नाव होतं, ‘सावकाश’. हे पाववाल्यानंच सांगितलं. ‘सावकाश’ म्हटलं की तो थांबायचा, म्हणून तेच नाव पडलं. मुलगी घोडा परत घ्या म्हणून त्याच्या बेकरीत गेली, तेव्हा तो नव्या व्हॅनच्या पोटात डोकं खुपसून बसला होता.

“मी घेतला असता हो ताई,” तो बाहेर येत म्हणाला. “पण घोडा घ्यायचा तर भरपाई परत करायला हवी, आणि भरपाई ही अशी उभी आहे.” त्यानं व्हॅनच्या टपावर थाप मारली. “सकाळपासून चालू होत नाहीये मेली. घोडा निदान लाथ मारून दाखवायचा, कुठं दुखतंय ते.”

राहता राहिली विक्री. नियम असा, की कंपनीची वस्तू विकायची तर बंद पाकिटात किमान तीन दरपत्रकं हवीत. पाटीवर सूचना लावली. आलं एकच, कातडीवाल्याचं. वजनावर घेईन, म्हणत होता. काट्यावर घोडा चढवा, चिठ्ठी आणा, त्याप्रमाणे रक्कम लिहितो.

“एका दरपत्रकावर विकता येत नाही,” नियमकाका म्हणाले आणि पाकीट टाचलं.

दिवस जात होते. डिंक, चारा, लीद, पुन्हा डिंक. एकदा ती खरारा करत असताना सावकाशनं तिची वेणी तोंडात धरली आणि सावकाश चावली. त्या दिवशी ती छपराखाली उभी राहून रडली. वेणीसाठी नव्हे. कॉलेज उघडायला आठवडा राहिला होता आणि दाखल्याचं घोडं तिथंच अडलं होतं.

साहेबांना एकदाची फुरसत झाली. त्यांनी तिला बोलावलं.

“अगं, एवढं काय अवघड आहे? दोन मैत्रिणींकडून कातडीवाल्यापेक्षा कमी रकमेची दरपत्रकं लिहून घे. तीन झाली. घोडा त्याच्या घरी, दाखला तुझ्या हातात. उद्या पाकिटांची मुदत संपतेय, तेव्हा सकाळीच काट्यावर नेऊन वजन करून आण.”

ती हो म्हणाली. हो म्हणताना तिला घोड्याची दया आली असं म्हणणं खोटं ठरेल. तिला घोड्याचा वीट आला होता. वाईट वाटलं ते नंतर, जेवायच्या वेळी, आणि तेव्हाही आत्यानं “आता काय घोड्यासारखी नुसती उभी राहतेस, बस की,” म्हटलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती सावकाशला घेऊन निघाली. वजनकाटा गावाच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या चौकापर्यंत घोडा गुमान आला. चौकात त्यानं मान वळवली, तिला न विचारता डावीकडच्या गल्लीत शिरला आणि एका हिरव्या दारासमोर थांबला.

तिनं ओढलं, ढकललं. विनवण्या केल्या, शिव्याही घातल्या. ढिम्म.

दार उघडलं. एक म्हातारे गृहस्थ बनियनवर बाहेर आले. “अरे! आलास होय? आणि तुम्ही कोण? पाव कुठाय?”

“पाव नाहीये, काका. हा कंपनीचा घोडा आहे.”

“असेल. पण पाव कुठाय?”

गृहस्थांनी आतून शिळा तुकडा आणून घोड्याला दिला, तेव्हाच घोडा हलला. पुढच्या दारापर्यंत. तिथं तेच. मग त्याच्या पुढच्या दारी. वर्षानुवर्षं सकाळी फिरलेली ती सगळी गल्ली सावकाशला पाठ होती, आणि एकही घर तो गाळेना. दारं उघडत होती, बायका ओल्या हातांनी बाहेर येत होत्या, व्हॅनचा पाव गार असतो म्हणून तिच्यावर डाफरत होत्या, जणू व्हॅन तिनंच काढली होती. काटा बंद व्हायची वेळ जवळ आली तेव्हा ती अजून त्याच गल्लीत होती.

“अगं ए पोरी, रडतेस कशाला?”

गल्लीच्या टोकाला रोपांची नर्सरी होती. तिची मालकीण, हात मातीनं माखलेली एक धिप्पाड बाई, कुंपणाशी उभी होती. मुलीनं रागारागात सगळं सांगून टाकलं. सही, ताबा, काटा, कातडी, दाखला, सगळंच. बाईनं मध्येच थांबवलं.

“विकायचाय म्हणतेस? मग मला का नाही सांगितलंस? या बोळांतून माझ्या कुंड्या न्यायला मी हातगाडी ओढून मरतेय.”

“पाटी लावली होती.”

“कुठं?”

“कचेरीत. आतल्या बाजूला.”

“वा! आम्ही काय भिंतीतून बघायचं?”

“आणि बंद पाकिटं तीन लागतात,” मुलगी हुंदका गिळत म्हणाली.

“तीनच? अहो, ऐकलंत का!” बाईनं गल्लीकडं तोंड करून अशी हाक मारली की सावकाशनंही कान टवकारले.

त्याच संध्याकाळी, कचेरी बंद व्हायच्या आत, नियमकाकांच्या टेबलावर पाकिटांचा ढीग पडला. दुसऱ्या दिवशी ती उघडायला साहेब नाइलाजानं बैठक सोडून आले. नियमकाकांनी पाकिटं एकेक करून फोडली. हिरव्या दारवाल्या गृहस्थांनी घोड्याऐवजी गरम पावाची मागणी लिहिली होती. ती बाद झाली. बाकीच्यांत नर्सरीवालीची बोली सगळ्यांत वरची निघाली.

“पण कातडीवाला?” साहेब म्हणाले. “त्याचं जास्त होईल.”

नियमकाकांनी ते पाकीट वर धरलं, उजेडाकडं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी प्रसन्नता आली, ती त्या कचेरीत त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

“रकमेचा आकडा नाही, साहेब. वजनाची चिठ्ठी नाही. बाद.”

“अहो, आज जाऊन वजन—”

“मुदत काल संपली.”

घोडं एकदाचं गंगेत न्हालं. मुलीनं सोपवल्याची पावती केली, या वेळी सही करण्याआधी दोनदा वाचून, आणि साहेबांनी दाखल्यावर सही ठोकली. दाखल्यात लिहिलं होतं, ‘उमेदवाराने डिंक व पशुधन या दोन्ही विभागांत समाधानकारक काम केले.’ कॉलेजच्या कारकुनानं तो तीनदा वाचला आणि शेवटी शिक्का मारला.

पुढं साहेबांची बदली दुसऱ्या शाखेत झाली. तिथंही ते बैठकीत असत, असं कानावर आलं. नियमकाका निवृत्त झाले. निरोपसमारंभाला दोनच भाषणांची तरतूद होती, म्हणून तिसरं त्यांनी स्वतःच बंद पाडलं. पाववाल्यानं व्हॅन विकून दुकानातच पाव विकायला सुरुवात केली. आत्या मरेपर्यंत ही गोष्ट पाहुण्यांना सांगत राहिली, आणि दर खेपेला घोडा आणखी मोठा होत गेला.

मुलगी परीक्षेला बसली, पास झाली आणि पुढं एका विमा कंपनीत दावे विभागाची प्रमुख झाली. तिच्या हाताखाली आलेल्या कुणाही उमेदवाराला न वाचता सही करायला तिनं सांगितलं नाही.

सावकाश बरीच वर्षं नर्सरीच्या कुंड्या ओढत होता. दर दारी थांबायची खोड गेली नाही. त्यामुळं कुंड्या कधीच वेळेवर पोचल्या नाहीत, पण दारोदार रोपं मात्र भरपूर खपली. नोकरी लागल्यावर एकदा मुलगी त्या गल्लीतून चालली होती, तेव्हा समोरून तो आला. तिनं मोठ्या मायेनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं तिची वेणी हुंगली, एक घास घेतला आणि पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

“मेल्या!” ती म्हणाली, आणि दार उघडेपर्यंत त्याच्याजवळ थांबली.