वजनकाट्यापलीकडचे पाणी

मी एक जुनी दगडी डोणी आहे. शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात जनावरांना पाणी पाजायला माझा उपयोग होतो. मित्रांनो, दगडाला काही वाटत नाही असे लोक म्हणतात, आणि ते बरेचसे खरे आहे. म्हणून जे पाहिले ते जसेच्या तसे सांगते.

एका पाथरवटाने मला अखंड दगडातून कोरले. काम संपत आले असताना त्याला शिंक आली, छिन्नी घसरली आणि माझ्या काठाचा टवका उडाला. त्या एका शिंकेपायी मी स्वस्तात विकले गेले. बाजारातल्या एका व्यापाऱ्याने मला घेतले आणि वजनकाट्याच्या पलीकडे मांडले. फाटकातून आलेले जनावर आधी काट्यावर चढे, विकले जाई आणि मगच माझ्यापाशी येई.

मुलूख कोरडा. कळप लांबून चालत येत, वाटेत पाण्याचा थेंब नसे. फाटकाशी पोहोचेपर्यंत मेंढरांची पोटे खपाटीला गेलेली असत. मेंढपाळ विनवत, तेव्हा व्यापारी म्हणे, "आधी काटा, मग पाणी. पोटातल्या पाण्याचे पैसे मी का देऊ?" बोलणे रास्त वाटे. दुपारी जनावरे विकत घ्यायला शहराची लॉरी येई. तोवर तीच जनावरे पोटभर पिऊन, सावलीत बसून टवटवीत झालेली असत आणि त्याच काट्यावर चांगली जड भरत. व्यापारी माझ्यावर थाप मारून म्हणे, "ही माझी कमावती लेक!" दगड असूनही मी फुगून जात असे.

एका उन्हाळ्यात दोघी जावा आल्या. थोरलीच्या हातात तीन बोकडांची दावी, धाकटीच्या हातात दुभती काळी शेळी. घरी उरलेल्या कळपासाठी चारा घ्यायचा होता. बोकडांत भागले तर शेळी परत जाणार होती. तिच्या दुधावर धाकटीचे लेकरू वाढत होते. बोकड काट्यावर चढले आणि कमी भरले. धाकटीने शेळीचे दावे पुढे केले. तेवढ्यात शेळीने हिसडा दिला, काट्याला वळसा घालून माझ्याकडे धाव घेतली आणि घटाघटा पाणी प्यायली.

"अहो, धरा तिला!" व्यापारी ओरडला. "आता हिचं वजन खोटं येणार. बसा संध्याकाळपर्यंत. पाणी जिरलं की तोलू."

इथेच तो चुकला. एरवी विकणारे सकाळीच घरची वाट धरत, दुपारची लॉरी त्यांनी पाहिलेलीच नव्हती. या दोघी मात्र माझ्या कडेला बसून राहिल्या. दुपारी त्यांचेच बोकड पुन्हा काट्यावर चढले. काटा सकाळच्या जागेवर थांबला नाही, पुढे सरकला. तशी थोरली उठली.

"शेठ, सकाळी जे पाणी खोटं होतं, ते दुपारी खरं कसं झालं?"

उत्तर लॉरीवाल्याने दिले. "तहानलेलं जनावर माझ्या लॉरीत मरतं, शेठ. पाजलेल्याचंच वजन खरं."

"मग आम्हालाही तेच वजन धरा," धाकटी म्हणाली. सकाळपासूनचे तिचे हे पहिलेच बोलणे.

चारचौघांत नाक कापले जाऊ नये म्हणून व्यापाऱ्याने ते धरले. चाऱ्याचे भागले आणि काळी शेळी घरी गेली. तेव्हा मात्र मला बरे वाटले.

पुढच्या बाजाराला सगळेच कळप फाटकाबाहेर ठिय्या देऊन बसले. पाणी पाजल्याशिवाय कुणी आत येईना. लॉरी खोळंबली, तेव्हा व्यापाऱ्याने पहारी लावून मला फाटकाबाहेर हलवले. त्या ओढाताणीत मला भेग पडली. त्यानंतर त्याने मला कधी लेक म्हटले नाही.

आता त्याचा मुलगा काटा सांभाळतो. माझी भेग रुंदावली आहे. पाणी भरायचा कंटाळा, म्हणून कित्येकदा मी कोरडीच असते. परवा तो माझ्याकडे मायेने पाहत म्हणाला, "बिचारी उन्हात तापते. भेग बुजवू आणि हिला आत, काट्यापलीकडच्या सावलीत घेऊ."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या असे मीही तुम्हाला सांगणार होते. पण त्या मुलाला एवढे सांगा, की भेग चिखलाने बुजवली तरी चालेल, उन्हात आणखी तडकले तरी चालेल. मला काट्याच्या अलीकडेच राहू द्या.