खिडकीबाहेरचा चंद्र

"उतरत्या अर्ध्या चंद्राची कोणती बाजू उजळ असते, फुसी?"

हा प्रश्न पिसिलाबाईंनी फुसीलाच विचारायचा, हे आठवड्यापूर्वी ठरलं होतं. तोंगाच्या त्या लहानशा बेटावर सहावीच्या पाठाची तालीम मुलांच्या आयांनाही पाठ झाली होती. राजधानीहून आलेल्या तपासनीस लाविनिया मागच्या बाकावर गुणपत्रक घेऊन बसल्या होत्या. डिसेंबरपर्यंत प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या शिक्षकांचा वर्ग काढून घेणार होते, आणि पिसिलाबाई एकोणीस वर्षं प्रमाणपत्राशिवाय शिकवत होत्या.

फुसीने "डावी" म्हणायचं होतं. पुस्तकात तसंच चित्र होतं. पण ती खिडकीबाहेर बघत होती.

"बाई, आज तर उजवी आहे."

पाहुण्यांसमोर मोठ्यांची चूक काढणं बेटावर कुणी करत नसे. शेजारी बसलेल्या मुलीने तिला कोपर मारलं. "डावी म्हण ना गं, येडे."

पिसिलाबाई खिडकीशी गेल्या. नीरफणसाच्या शेंड्यावर सकाळचा फिकट चंद्र होता. उजवी बाजू उजळ. रोज त्याच आभाळाखालून त्या शाळेत येत, पण पुस्तक आणि आभाळ त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. "बस खाली" म्हटलं असतं, तर तालीम पुढे सरकली असती.

"चला बाहेर," त्या म्हणाल्या. "पुस्तकं घ्या."

अंगणात त्यांनी फुसीला चंद्राच्या दिशेने शहाळं धरायला लावलं.

"ऊन कुठे पडलंय?"

"चंद्रावर पडलंय तिथेच. उजवीकडे, थोडं वर."

"मग पुस्तक खोटं?" एका मुलाने विचारलं.

"मला माहीत नाही. बघू या."

फुसीने पुस्तक उलटं धरलं. "असं जुळतं, बाई."

पिसिलाबाईंनी पुस्तक घेऊन ते कुठे छापलंय ते पाहिलं.

"चित्र काढणारा पार उत्तरेकडच्या देशातला," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याला चंद्र दक्षिणेला दिसतो, आपल्याला उत्तरेला. त्याचं डावं ते आपलं उजवं. म्हणजे मी एकोणीस वर्षं चुकीचं शिकवलं."

मुलं वर्गात गेल्यावर लाविनिया म्हणाल्या, "पाठ योजनेप्रमाणे झाला नाही. तिथे शून्य लिहावं लागेल."

"लिहा."

"विषयाची समज..." त्यांचं पेन थांबलं. "मीही अकरा वर्षं डावीच शिकवली. खिडकीबाहेर बघणारी एकही भेटली नाही मला."

तिथे त्यांनी पूर्ण गुण दिले, बेरीज केली आणि कागद पुढे सरकवला. "उत्तीर्ण आहात. सही करा."

"आणि शिकून गेलेली मुलं? निम्मी आता ऑकलंडला आहेत."

"त्यांना कळवा. तेवढं काम राहिलंच तुमचं."

पिसिलाबाईंनी सही केली.

दुपारी बायकांनी चटईवर मासळी आणि अरवीचे कंद मांडले. पाहुण्यांचं होईपर्यंत यजमानांनी थांबायचं, म्हणून पिसिलाबाई माश्या वारत बाजूला बसल्या. लाविनियांनी सरकून जागा केली.

"या बाई, इथे बसा."

कालपासून आपण काही खाल्लं नव्हतं, हे पिसिलाबाईंना पहिला घास घेतल्यावर कळलं.