निकालाखालच्या ओळी

कबड्डी ही आपली सवत आहे, असं माया लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आईला सांगून मोकळी झाली होती, आणि त्यात काही खोटं नव्हतं. शंकरराव अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात फोरमन होते. रजा शिल्लक असायची ती सगळी मैदानावर खर्च व्हायची. मुलाच्या, सम्यकच्या नामकरणाच्या दिवशी हा माणूस उल्हासनगरात टेनिस बॉल क्रिकेटची फायनल बघत होता. घरी आल्यावर त्याने आधी स्कोअर सांगितला आणि मग बाळाला उचललं.

निवृत्तीनंतर तर रानच मोकळं मिळालं. शंकररावांनी व्हॉट्सॲपवर ‘रविवारचा निकाल’ सुरू केला. दर रविवारी संध्याकाळी सातला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. उल्हासनगरचं क्रिकेट, अंबरनाथचं कॅरम, बदलापूरची कबड्डी, आणि आपल्या भागातला एक पोरगा व्यावसायिक संघात गेला होता, तो त्या आठवड्यात किती मिनिटं मॅटवर उतरला ते. सहाशे माणसं वाचायची. त्यात संघ, गुण आणि खेळाडूंची नावं एवढंच असायचं. विशेषण नावाला सापडायचं नाही. “विशेषणं हरलेल्यांना लागतात,” असं शंकरराव म्हणायचे. त्यांचा दुसरा नियम असा, की बाकीचे निकाल फोनवर मिळाले तरी चालतील, पण आठवड्याला एक सामना स्वतः पाहिलेला हवा. नाहीतर ती बातमी नाही, अफवा झाली.

गेल्या ऑगस्टात साखरेने त्यांचे डोळे खाल्ले. आधी उजवा गेला, मग डावा. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. तेव्हापासून शंकररावांनी मैदानाचं नाव टाकलं. मोरिवलीच्या घरातून खाली उतरायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं.

“बघणाऱ्याने जावं मैदानात,” ते म्हणायचे. “मी जाऊन काय लोकांची कीव गोळा करू?”

निकाल मात्र त्यांनी सोडला नाही. सम्यकने पुण्याहून मेसेज वाचून दाखवणारा फोन पाठवला होता, पण त्या फोनचं मराठी ऐकून शंकररावांनी तो कपाटात ठेवून दिला. ते सांगायचे आणि माया लिहायची. स्वतः पाहायच्या सामन्याला आता घरातले दुसरे डोळे जायचे. बत्तीस वर्षं जिने सवतीचं तोंड पाहिलं नव्हतं, ती छत्री घेऊन तिच्या दारात उभी राहू लागली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हा निकाल बंद पडला तर आपला नवरा खाटेवरून उठणार नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं.

पहिल्या सामन्याहून येऊन तिने सांगितलं, “ती लाल कपड्यातली पोरगी आत गेली. सगळ्यांनी तिला धरलं. मग सगळ्याच पडल्या.”

“कुठे धरलं? घोट्याला की कमरेला?”

“मी काय पंचनामा करायला गेले होते?”

हळूहळू ती शिकली. चढाई, पकड, बोनस, लोण. पण तिचे डोळे तिचेच होते, ते जिकडे जायचे तिकडेच जायचे. घरी आल्यावर शंकरराव गुण विचारायचे, आणि तिच्या मनात भलतंच काही साठलेलं असायचं. एका रविवारी त्यांनी निकाल सांगून संपवला तेव्हा ती म्हणाली, “इथे रेंज नाही, किचनमधून पाठवते.” कुकरशेजारी उभं राहून तिने निकालाखाली दोन ओळी स्वतःच्या घातल्या आणि पाठवून दिलं. चोरी पचली की हात सोकावतो. पुढच्या रविवारीही किचनमध्येच रेंज होती.

असे सात महिने गेले. मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी दार वाजलं. बदलापुरातल्या मांजर्लीच्या महिला संघाची कप्तान हर्षदा आली होती. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. शिफ्ट सुटल्यावर तशीच रिक्षा करून आली होती, आणि हातात वालाच्या बिरड्याचा डबा होता.

“काका, हे सासूबाईंनी दिलंय. तुमच्यासाठी खास,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांच्यावर लिहिलंत ना, तेव्हापासून त्या बदलल्यात. आधी मी प्रॅक्टिसला निघाले की भांडी आपटायच्या. आता प्रत्येक मॅचला पुढच्या रांगेत बसतात.”

“मी काय लिहिलं?” शंकररावांनी विचारलं.

मायाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने हर्षदाला खूण केली, पण हर्षदा मोबाइलमध्ये बघत होती. तिने तिथल्या तिथे वाचून दाखवलं. “हर्षदाचा दोन वर्षांचा मुलगा सामना चालू असताना आजीच्या मांडीवर झोपला. जनाबाईंनी सामना संपेपर्यंत पाय हलवला नाही.”

हर्षदाने उद्याच्या सेमीफायनलचं आमंत्रण दिलं, चहा घेतला आणि ती गेली. तिची रिक्षा वळल्याचा आवाज आल्यावर शंकरराव मायाकडे वळले.

“सात महिने?”

“हो.”

“माझ्या नावाखाली?”

“तुमच्याच.”

“मग आजपासून निकाल बंद,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

ज्याची भीती तेच झालं, आणि झालं ते मायाच्या हातून. तिला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. तिने मोबाइल घेतला, खाटेच्या कडेला बसली आणि पहिल्यापासून वाचायला लागली. नवरा ऐकतोय की नाही, हेही तिने बघितलं नाही.

“उल्हासनगरच्या सामन्यात अकरावा गडी भोपळ्यावर बाद झाला. डबा आणलेली त्याची बायको तरी टाळ्या वाजवत होती. कॅरमच्या अंतिम फेरीत हरलेले काका जिंकलेल्याच्या अंगावरची पावडर झटकत होते. आज पंचांचा उपास होता. शिट्टी वाजवून त्यांना चक्कर आली, तेव्हा दोन्ही संघांनी मिळून त्यांना सावलीत नेलं.” अशा पंचावन्न-साठ ओळी होत्या. वाचता वाचता तिचा घसा बसला.

तेव्हा भिंतीकडून आवाज आला.

“जनाबाईंनी खरंच पाय हलवला नाही?”

“नाही.”

“बायकांचा सामना तीस मिनिटांचा. मधली पाच धरून पस्तीस.”

“पस्तीस तर पस्तीस. मुंग्या आल्या असतील, पण हलवला नाही.”

शंकरराव उठून बसले. “मला हे कधी दिसलं नाही गं,” ते म्हणाले. “डोळे धड होते तेव्हासुद्धा.”

मायाचा राग तिथेच विरघळला. या माणसावर आपला किती जीव आहे, हे तिला पुन्हा एकदा, जरा नाइलाजानेच, मान्य करावं लागलं. तिने त्यांचा हात हातात घेतला. “उद्या चला माझ्याबरोबर. मला अर्धं कळत नाही आणि तुम्हाला अर्धं दिसत नाही. दोघांचं मिळून एक तिकीट होईल.”

“मला सगळंच दिसत नाही.”

“मलाही सगळंच कळत नाही. चला.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मांजर्लीच्या मैदानात शंकरराव निळा शर्ट घालून खुर्चीवर बसले होते. शेजारी जनाबाई, मांडीवर नातू. माया मागे उभी होती. पहिली काही मिनिटं ते काठी गिळल्यासारखे ताठ होते. लोक आपल्याकडेच बघताहेत, असं त्यांना वाटत असणार. मग चढाई सुरू झाली, “कबड्डी, कबड्डी” असा घुमणारा आवाज मध्यरेषेवरून आत गेला, आणि त्यांची मान त्या आवाजामागे वळली.

“ही घशातून बोलते. नवीन आहे. उजवीकडे जाईल आणि लगेच परत येईल,” ते म्हणाले. तसंच झालं. पुढची चढाई सुरू होताच ते हसले. “ही हर्षदा. पोटातून दम घेते. हिला घाई नाही.”

मायाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला जे दिसत होतं ते ती सांगू लागली. कोणी घोटा धरला, कोण कोपऱ्यात टपून आहे. ते ऐकत होते, विचारत होते, मध्येच तिलाही गप्प करत होते. शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाची चढाईपटू आत आली. मैदानात आरडाओरडा नुसता.

“दम तुटला,” शंकरराव म्हणाले.

त्यानंतर पंचांची शिट्टी वाजली.

जनाबाई वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. “तुमाला कसा कलला वो? माजे दोन डोले हायेत, तरी मना नाय कलला.”

“वहिनी, डोळे असतात ना, ते ऐकू देत नाहीत,” शंकरराव म्हणाले. तो गुण मिळूनही मांजर्ली एका गुणाने हरली. तरी हर्षदा घामेजलेल्या हातांनी येऊन त्यांच्या पाया पडली, तेव्हा त्यांनी तिला तिच्या दोन चुका सांगितल्या आणि पुढच्या रविवारी येतो म्हणाले.

घरी येऊन सात वाजायच्या आत त्यांनी निकाल सांगून संपवला. माया उठायला लागली.

“किचनमध्ये नको,” ते म्हणाले. “इथेच बस. आजची खालची ओळ मी सांगतो. लिही. सात महिने सगळे सामने माझ्या पत्नीने, मायाने पाहिले. तिला खेळ आवडत नव्हता, तरी ती उन्हात उभी राहिली. त्याआधी बत्तीस वर्षं मी मैदानात जात होतो. चल म्हणून तिला मी एकदाही विचारलं नाही.”

मायाचा अंगठा अक्षरांवर तसाच थांबला. सहाशे माणसांच्या डोळ्यांपुढे तिने कोणाकोणाला नेऊन बसवलं होतं, पण तिथे स्वतः बसायची तिला सवय नव्हती.

“लिहिलंस?”

“हो.”

“नाही लिहिलंस. टिकटिक वाजली नाही.”

तिने पदराने डोळे पुसले. “पहिल्यापासून सांगा,” ती म्हणाली. “आणि सावकाश सांगा.”

शंकररावांनी पहिल्यापासून सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, आणि मायाने तो लिहिल्याचा आवाज आल्याशिवाय ते पुढच्या शब्दावर गेले नाहीत.